समुद्राची पीक कापणी

वाचकहो, धाराशिवच्या माणसाला समुद्राशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणाले तर त्याला आठवडी बाजाराच्या कडेला घेऊन जावे. भाजीच्या आणि मिरचीच्या रांगा संपल्या की गोणपाट अंथरून बसलेल्या बाया दिसतात. पुढ्यात सुकटीचा ढीग, सुके बोंबील आणि शेजारी मापटे. माळकरी घरे सोडली तर आपल्याकडच्या बऱ्याच घरांत उन्हाळ्याच्या अखेरीस, शेतात भाजीचे पान उरत नाही तेव्हा, ही सुकट कांद्यात परतून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली जाते. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. कोळंबीच्या नात्यातलाच, पण बोटाच्या पेराएवढा हा जीव. जवळा आणि बोंबील पालघर, मुंबई, रायगडच्या किनाऱ्यावर निघतात, तेथल्या उन्हात वाळतात आणि पोत्यांत भरून घाट चढून आपल्यापर्यंत येतात.

हे नाते आजचे नाही. आपले तेर गाव म्हणजे प्राचीन तगर नगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात तगराचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर असून तेथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाते, असे त्यात नोंदले आहे. तगरात किनाऱ्याकडच्या मुलखातला मालही येतो, असेही त्यात आहे. म्हणजे बैलगाडीच्या काळातही आपला मुलूख समुद्राला बांधलेला होता.

आणखी एक गंमत पाहा. बालाघाटाच्या रांगेने आपल्या जिल्ह्याचे पाणी दोन बाजूंना वाटून दिले आहे. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. सीना आणि बोरी भीमेला मिळतात आणि भीमा कृष्णेला. गोदावरी काय आणि कृष्णा काय, दोघीही जातात पूर्वेच्या समुद्राला, बंगालच्या उपसागराला. आपले पाणी पूर्वेच्या समुद्राला जाते आणि आपल्या बाजारातली सुकी मासळी पश्चिमेच्या समुद्रातून येते. दोन्हीकडून आपण समुद्राचे शेजारीच.

तेव्हा समुद्रात मासळी किती आहे, ती वाढते की घटते, आणि हे मोजतात तरी कसे, हे आपण समजून घेऊ. त्यासाठी रत्नागिरीपर्यंत जायचे आहे. वाट अवघड नाही. नागपूरहून येणारा आणि आपल्या तुळजापूरवरून जाणारा महामार्ग सोलापूर, सांगली, कोल्हापूर करीत आंबा घाट उतरतो आणि थेट रत्नागिरीला पोहोचतो. सुमारे चारशे किलोमीटरचा रस्ता. भवानीचे दर्शन घेऊन निघालेला माणूस मधे कोठेही वाट न बदलता समुद्राच्या काठावर उभा राहतो.

मिरकरवाड्याचे बंदर

रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर पाहायचे तर सकाळी लवकर जावे. रात्रभर समुद्रावर असलेल्या बोटी धक्क्याला लागत असतात. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, वरून ओरडून सांगत असतो आणि खलाशी टोपल्या उतरवत असतात. खाली बायकांची गर्दी, लिलावाचा गलका, बर्फाचा चुरा आणि पायाखाली खारट चिखल. आपल्या मोंढ्यात सोयाबीनच्या आवकेच्या दिवशी जी धांदल असते, तीच ही. फक्त वास निराळा.

बंदरात नाना प्रकारच्या बोटी असतात. त्यांतल्या ट्रॉलर नावाच्या बोटीकडे नीट पाहा. तिच्या मागच्या बाजूला लोखंडी कमान असते आणि दोन्ही अंगांना जड फळ्या टांगलेल्या असतात. हिचे जाळे पिशवीसारखे असते. पुढे रुंद तोंड, मागे निमुळती होत गेलेली थैली. बोट हे जाळे समुद्राच्या तळावरून ओढत नेते. पाण्याच्या दाबाने त्या दोन फळ्या एकमेकींपासून लांब फाकतात आणि जाळ्याचे तोंड उघडे ठेवतात. तोंडाच्या खालच्या कडेला वजने बांधलेली असतात, ती तळाला घासत जातात. वरच्या कडेला तरंगते गोळे असतात, ते तोंड वर उचलून धरतात. आपण वखर ओढतो तसे हे समुद्रतळाला ओढायचे जाळे आहे, असे म्हटले तरी चालेल. वाटेत जे येईल ते मागच्या थैलीत जमा होते.

ट्रॉलर हे मासे पकडण्याचे साधन, तसेच मासे मोजण्याचेही साधन आहे. शास्त्रज्ञ याच पद्धतीचे जाळे घेऊन समुद्रावर जातात. ते कसे, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही, कारण तसलीच गोष्ट आपल्या बांधावर दरसाल घडते.

एक ओढ म्हणजे एक प्लॉट

पीक कापणी प्रयोग आपण सर्वांनी पाहिला आहे. गावातली काही शेते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडतात. त्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखतात. तेवढेच पीक कापून, मळून, वजन करतात आणि त्यावरून गावाचा उतारा काढतात. सगळे शिवार कापून मोजता येत नाही म्हणून ही युक्ती.

समुद्राचेही तसेच आहे. किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत समुद्राचे पट्टे पाडतात: उथळ, मध्यम, खोल. प्रत्येक पट्ट्यात काही जागा आधीच ठरवतात. त्या जागी बोट नेऊन जाळे सोडायचे, ठरलेल्या वेगाने ठरलेला वेळ ओढायचे आणि वर घ्यायचे. ही एक ओढ म्हणजे आपला कापणीचा एक प्लॉट.

हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. जाळ्याचे तोंड २० मीटर फाकले आहे. बोटीचा वेग तासाला साडेपाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या भरभर चालीएवढा. तासभर ओढले तर जाळ्याखालून ५,५०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद पट्टी गेली. गुणाकार केला तर ११ हेक्टर होतात, आपल्या भाषेत साधारण २७ एकर. त्या ओढीत ११० किलो मासळी निघाली, तर उतारा झाला हेक्टरी १० किलो. काही मासे जाळ्याच्या वरून, बाजूने निसटतात. त्यांची वजावट धरून हा आकडा सुधारून घेतात. अशा पुष्कळ ओढींची सरासरी काढली की त्या पट्ट्यात मासळी किती असावी याचा अंदाज बांधता येतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. खडकाळ तळावर हे जाळे चालत नाही, फाटते. म्हणून खडकांत राहणारे मासे मोजणीत कमी येतात. वरच्या पाण्यात थव्याने फिरणारे तारली आणि बांगडे तळाच्या जाळ्याला पुरते सापडत नाहीत. दिवसाची ओढ आणि रात्रीची ओढ सारखी नसते, कारण कोळंबीच्या कित्येक जाती दिवसा चिखलात दडतात आणि रात्री बाहेर पडतात. म्हणून एकदा ठरवलेली रीत मोडायची नाही, हा पहिला नियम. तेच जाळे, तीच जागा, तोच महिना, तीच वेळ. यंदा काळ्या जमिनीतला प्लॉट आणि पुढच्या साली मुरमाड माळावरचा प्लॉट घेऊन उतारा घटला असे म्हणणे जसे चुकीचे, तसेच हे.

जाळ्यातून काय निघते

जाळे वर आले की थैलीची गाठ सोडतात आणि सगळा ढीग बोटीवर ओततात. तो ढीग पाहण्यासारखा असतो. चांदीच्या पट्टीसारखी लांब वाकटी, गुलाबी राणीमासा, ढोमा, मांदेली, मिशाळ शिंगाळा, तळाला चिकटून राहणारा चपटा लेप, शेपटीत काटा असणारी पाकट, काळी शाई सोडणारा माकूल, खेकडे, कोळंबी, शंखशिंपले. मधेच वळवळणारा समुद्रसाप. हा फार विषारी असतो. जाणता खलाशी काठीने उचलून त्याला पाण्यात परत सोडतो. एका ओढीत चाळीस-पन्नास जाती निघणे नवलाचे नाही.

मग निवडणे सुरू होते. तुरीचे खडे निवडावे तसे हे काम बसून, नजर लावून करावे लागते. प्रत्येक जात निराळी करायची, तिचे वजन घ्यायचे, नग मोजायचे. फळीवर ठेवून माशाची लांबी मोजायची. काही मासे चिरून पाहायचे: नर की मादी, पोटात गाबोळी धरली आहे की नाही, शेवटी काय खाल्ले. घोळ आणि ढोमा यांसारख्या माशांच्या डोक्यात कानाचे पांढरे खडे असतात. त्यांवरची वलये पाहून वयाचा अंदाज करतात, जसा आपण बैलाचे दात पाहून करतो.

यांतली सर्वांत मोलाची नोंद लांबीची. एखाद्या जातीचे दोनशे मासे मोजले आणि त्यांतले दीडशे अजून एकदाही अंडी न घातलेले निघाले, तर समजावे की त्या जागी पोरवय गोळा होते आहे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात हे फार घडते. नद्यांचा गाळ आणि खाड्यांतल्या कांदळवनांचा पाला तेथे येऊन पडतो, त्यावर बारीक जीव पोसतात आणि त्यांवर माशांची पिले. उथळ समुद्र म्हणजे समुद्राची रोपवाटिका. जाळ्याला मात्र रोप आणि पीक यांतला फरक कळत नाही.

शंभर वर्षांची मोजणी

ही मोजणी आपल्या किनाऱ्यावर कधी सुरू झाली? मुंबई सरकारने १९२१-२२ साली ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेवर चालणारी ट्रॉलर बोट मुंबईच्या समुद्रावर फिरवली होती. तळाच्या जाळ्याने किती मासळी मिळते, कोणती मिळते, याचा तो आरंभीचा मोठा प्रयोग. व्यापार म्हणून तो परवडला नाही आणि थांबला. पुढे बंगालच्या दुष्काळानंतर अन्नाची चिंता पडली, तेव्हा १९४६ साली केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र काढले. तेच वाढत वाढत १९८३ साली भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था झाले. तिचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. ‘मत्स्य निरीक्षणी’ या तिच्या जहाजाने मुंबईला तळ ठेवून पश्चिम समुद्रात अशा असंख्य ओढी काढल्या. मोठे जहाज फार उथळ पाण्यात शिरू शकत नाही. तेथे लहान बोटी लागतात. मुंबईत वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने आपल्या ‘सरस्वती’ आणि ‘नर्मदा’ या बोटींवर विद्यार्थ्यांना हे काम शिकवले.

रत्नागिरीलाही १९५८ पासून सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. त्याचे मत्स्यालय आणि संग्रहालय लोकांना पाहता येते. तेथे देवमाशाचा भला मोठा सांगाडा ठेवला आहे. मुलांना घेऊन रत्नागिरीला गेलात तर तो जरूर दाखवा. आपल्या घराच्या ओसरीत मावणार नाही एवढा एक जीव समुद्रात पोहत होता, हे त्यांच्या कायम ध्यानात राहील.

आवक निराळी, उतारा निराळा

येथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बंदरावर किती मासळी उतरते ते लिहून घेतले की झाले. तीही नोंद होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिची माणसे देशभरच्या बंदरांवर ठरलेल्या दिवशी जाऊन, निवडक बोटींची मासळी पाहून, कोणत्या जातीची किती आली याचा अंदाज काढतात. देशाचे मासळीचे आकडे त्यातूनच तयार होतात.

पण ती झाली बाजार समितीतली आवक. आवक आणि उतारा यांत काय फरक आहे हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. एखाद्या वर्षी दुप्पट रानात पेरा झाला आणि एकरी पीक निम्मे आले, तरी मोंढ्यातली आवक तेवढीच दिसते. वर्तमानपत्रात छापून येते की आवक स्थिर. शेतकऱ्याचे मात्र कंबरडे मोडलेले असते.

समुद्रावर नेमके हेच होते. बोटी वाढतात, इंजिने मोठी होतात. पूर्वी तासाभरात मिळणाऱ्या मासळीसाठी दिवसभर जाळे ओढावे लागते. पूर्वी संध्याकाळी परतणारी बोट आता आठ-आठ दिवस समुद्रावर राहते. डिझेल जास्त जळते, बर्फ जास्त लागतो. बंदरावर टोपल्या तेवढ्याच उतरतात. आवक सांगते की सर्व ठीक आहे. ‘ताशी किती’ हा आकडा सांगतो की रान खंगत चालले आहे. म्हणून वर्षानुवर्षे एकाच जागी, एकाच रीतीने काढलेल्या ओढीचे मोल फार आहे. ती ओढ भावाकडे पाहत नाही, बोटींच्या संख्येकडे पाहत नाही.

आपल्या जिल्ह्याला तर मोजणीचे महत्त्व कोर्टात जाऊन कळले आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन पावसाने गेले. पंचनामे झाले, पण विम्याची भरपाई अडली. साडेतीन लाखांच्या घरातल्या शेतकऱ्यांचा तो प्रश्न औरंगाबादच्या खंडपीठापुढे गेला आणि २०२२ साली निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. नुकसान कोणी पाहिले, कधी पाहिले, कागदावर काय लिहिले, यावर घरची चूल अवलंबून असते, हे आपण जाणतो. कोळ्याच्या घराचेही तेच आहे.

गेलेली शेवंड, लुटलेला शिंगाळा

मोजणीकडे कानाडोळा केला तर काय होते, याची एक खरी गोष्ट ऐका. मुंबईच्या समुद्रात चपट्या डोक्याची एक शेवंड होती. शेवंड म्हणजे मोठ्या कोळंबीसारखा, जाड कवचाचा जीव. १९७८ च्या सुमारास ती ट्रॉलरच्या जाळ्यांत मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. परदेशात मागणी, भाव उत्तम. ही शेवंड सावकाश वाढते आणि मादी आपली अंडी पोटाखाली धरून महिना-महिना वागवते. जाळ्यात पोटाखाली अंडी धरलेल्या माद्या येत राहिल्या. त्याही विकल्या गेल्या. काही वर्षे भरभराट झाली, मग आकडा घसरू लागला आणि १९९४ पर्यंत मुंबईची ही शेवंड जवळजवळ संपली. शास्त्रज्ञांनी वर्षावर्षाची नोंद ठेवली होती म्हणून हे कसे घडले ते आज सांगता येते. मात्र नोंद वहीत राहिली आणि जाळे पाण्यात.

दुसरी गोष्ट शिंगाळ्याची. या माशाचा बाप मोठा मायाळू. मादीने घातलेली अंडी तो तोंडात धरतो आणि पिले बाहेर पडेपर्यंत उपाशी राहतो. वाटाण्यापेक्षा मोठी अंडी, म्हणून संख्येने थोडी. १९८० च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन नावाची, थव्याला वेढा घालणारी मोठी जाळी आली. अंडी धरलेल्या नरांचे थवेच्या थवे त्यांत सापडले. घाबरून त्यांनी अंडी ओकून टाकली. बाप गेले आणि पिलेही गेली. पुढे त्या किनाऱ्यावरचा शिंगाळा फार घटला. पेरणीसाठी राखलेले कणगीतले बी दळून खाल्ले, तर पुढच्या मृगाला काय करायचे, हे आपल्या आजीला विचारले तरी ती सांगेल.

जाळ्यात आलेल्या पिलांचे पुढे काय होते, हेही सांगायला हवे. माणसाच्या ताटात ती जात नाहीत. वाळवून, दळून त्यांची भुकटी होते आणि ती कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यात मिसळली जाते. कोंबडी पाळणाऱ्या घरात खाद्याचे पोते फोडले की त्यात समुद्राचा थोडा वाटा असू शकतो. उद्याचे पापलेट आज खाद्याच्या भावाने जाते, यात कोळ्याचाही फायदा नाही आणि आपलाही नाही.

चाळणी आणि सुट्टी

मोजणीचा उपयोग होतो तो असा. शास्त्रज्ञ जाळ्याच्या थैलीवर बाहेरून आणखी एक बारीक जाळीची झोळ चढवतात. थैलीतून जे निसटते ते झोळीत अडकते. चाळणीवर काय राहिले आणि खाली सुपात काय पडले, हे दोन्ही दिसते. अशा प्रयोगांतून कळले की शंकरपाळ्याच्या आकाराचे आस ओढ लागताच मिटून जातात आणि पिले आत कोंडतात. तेच आस चौकोनी ठेवले तर ते उघडे राहतात आणि लहान मासा सुटून जातो. म्हणून महाराष्ट्रात ट्रॉलरच्या थैलीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस असावेत, असा नियम झाला आहे.

पावसाळी बंदी तर सर्वांना माहीत आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद असतात. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ मासे अंडी घालतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही, ही कोळ्यांची जुनी चाल याच शहाणपणाची. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ट्रॉलरनी शिरू नये, ते लहान मच्छीमारांना राहावे, असे निर्बंध त्यातूनच आले. २०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी, अमुक लांबीपेक्षा लहान मासा पकडू नये, असे ठरवून दिले. पापलेटला ती लांबी साडेतेरा सेंटिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा झाला.

नियम आहेत, ते पाळणे नेहमीच होते असे नाही. एका बोटीने चौकोनी आस लावले आणि शेजारच्या बोटीने नाही, तर पहिल्याचे नुकसान आणि दुसऱ्याची चंगळ. विहिरींच्या पाण्याबाबत आपल्या शिवारात जे चालते, तेच. एकाने बोअर खोल घेतला की शेजाऱ्यालाही घ्यावा लागतो आणि शेवटी दोघांचेही पाणी जाते. अशा ठिकाणी सर्वांना मान्य होईल अशी मोजणी हाच भांडण मिटवण्याचा आधार ठरतो.

आपल्या तलावाची वही

आता घरी परत येऊ. धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही, पण पाणी आहे. तेरचा तेरणा प्रकल्प, माकणीचा निम्न तेरणा, परांड्याकडचा सीना-कोळेगाव, कळंबच्या शिवेवरची मांजरा, आणि गावोगावचे पाझर तलाव. त्यांत सहकारी संस्था ठेका घेऊन कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडतात. मरळ, वाम आणि झिंगे हे आपल्या नदीनाल्यांतले मूळचे रहिवासी. बाहेरून आलेली चिलापी उजनीसारख्या धरणात केवढी माजली आहे, ते सोलापूरच्या बाजाराला गेलेल्यांनी पाहिलेच असेल. मूळच्या जातींचे पुढे काय होते, हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

तलावाची मोजणी अवघड नाही आणि जहाज लागत नाही. मच्छीमार संस्थेने किंवा गावच्या शाळेने एक वही घालावी. दरसाल दिवाळीनंतर एकदा आणि शिमग्याच्या सुमारास एकदा, त्याच जाळ्याने, त्याच काठाला, तेवढाच वेळ मासे धरावेत. जाती निराळ्या कराव्यात, वजन करावे, प्रत्येक जातीच्या वीस-पंचवीस माशांची लांबी पट्टीने मोजावी. पाण्याची पातळी किती होती तेही लिहावे, कारण आपल्याकडे पाणीच आधी संपते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. तसल्या दुष्काळानंतर तलावात कोणती जात परत आली आणि कोणती आलीच नाही, हे ती वही सांगेल. पहिल्या वर्षी ती फारसे काही बोलणार नाही. चार-पाच वर्षे झाली की ठेक्याची रक्कम ठरवताना, बोटुकली किती सोडायची हे ठरवताना, तिच्याएवढा पक्का साक्षीदार मिळणार नाही.

आणि भगिनींनो, तुमच्या हातीही थोडे आहे. सोलापूर-पुण्याकडे गेलात आणि ताजी मासळी घेण्याचा प्रसंग आला, तर तळहाताहून लहान पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. विकणाऱ्या बाईला सांगा, पोर आहे, मोठे झाल्यावर घेऊ. ती हसेल, पण तिलाही ते ठाऊक असते. पिलाला गिऱ्हाईक मिळाले नाही तर तांडेल ते धरायला धजणार नाही.

बाजारातली सुकट मापट्याने मोजून घेताना आपण माप शिगोशीग आहे ना, हे पाहतोच. ज्या समुद्रातून ती येते, त्याचेही माप कोणीतरी दरसाल भरून पाहते आहे. त्या मापावर लक्ष ठेवणे हे कोळ्याइतकेच आपल्याही घराच्या कामाचे आहे.